हिमा : राखलेले रान आणि आपला तराजू

सूरह अर्-रहमानच्या प्रारंभी, सातव्या ते नवव्या आयतीत, 'मीजान' हा शब्द लागोपाठ तीन वेळा येतो. अल्लाहने आकाश उंच केले आणि मीजान, म्हणजे तुला, स्थापन केली, असे आधी सांगितले आहे. मग या तुलेची मर्यादा ओलांडू नका, असे बजावले आहे. आणि लगेच, न्यायाने वजन करा व तुलेत घट करू नका, असा आदेश आहे. अनेक मुफस्सिरांनी पहिल्या मीजानचा अर्थ न्याय व समतोल असा घेतला, काहींनी तो प्रत्यक्ष तराजू मानला. मला या आयतींचा क्रम विशेष लक्षणीय वाटतो. आकाशाच्या उंचीवरून निघून दुकानातल्या काट्यापर्यंत येण्यास कुरआनला तीन लहान आयती पुरतात. सृष्टीच्या समतोलाचा विषय आणि मोहफुलांच्या पोत्याच्या वजनाचा विषय हे दोन वेगळे विषय आहेत, असे मानण्यास या आयती जागाच ठेवत नाहीत.

वाचकहो, 'पर्यावरण' हा शब्द आपल्या घरांत बहुधा मुलांच्या शाळेच्या वहीतून येतो. ५ जूनला मुले झाडाचे चित्र काढतात, एखादे रोप लावले जाते, त्याच्याभोवती दहा माणसे उभी राहून छायाचित्र काढतात, आणि पुढच्या जूनपर्यंत त्या रोपाची कोणी विचारपूस करीत नाही. ही तारीख कुठून आली, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १९७२ साली ५ जूनपासून स्टॉकहोम येथे मानवी पर्यावरणावर संयुक्त राष्ट्रसंघाची परिषद भरली होती. १९८७ मध्ये ब्रुंटलँड आयोगाने 'शाश्वत विकास' या संज्ञेची व्याख्या दिली. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांची आपल्या गरजा भागवण्याची क्षमता खुंटवू नये, असा तिचा आशय आहे. १९९२ ची रिओ परिषद त्यानंतरची. शेवटी २५ सप्टेंबर २०१५ रोजी जगातील राष्ट्रांनी १७ शाश्वत विकास ध्येये आणि त्यांच्या पोटातील १६९ लक्ष्ये स्वीकारली व त्यांच्यासाठी २०३० ही मुदत ठरवली. उपासमार संपवणे हे दुसरे ध्येय, पाणी व स्वच्छता सहावे, जबाबदार उपभोग व उत्पादन बारावे, आणि जमिनीवरील जीवसृष्टी पंधरावे. आपल्या देशात ही चळवळ डोंगरात वाढत होती. १९७४ मध्ये गढवालमधील रैणी गावच्या गौरादेवी आपल्या शेजारणींना घेऊन झाडे तोडायला आलेल्या मजुरांसमोर उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या हाती कोणताही ठराव नव्हता.

काही दीनदार बांधव विचारतात की, ही सारी भाषा परक्यांची. तिच्याशी आपला काय संबंध? उत्तर सीरतमध्ये आहे. प्रेषित्व प्राप्त होण्यापूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआन यांच्या घरी एक करार झाला. मक्केत ज्याच्यावर अन्याय होईल त्याच्या बाजूने उभे राहण्याचा तो करार होता, आणि 'हिल्फुल फुजूल' या नावाने तो ओळखला जातो. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) त्यात सहभागी होते, आणि इस्लाम आल्यानंतरही कोणी त्या करारासाठी हाक दिली तर आपण ती स्वीकारू, असे त्यांनी सांगितल्याचे सीरतकार नोंदवतात. सतराच्या सतरा ध्येयांवर डोळे मिटून मान डोलवावी, असे मी म्हणत नाही. त्यातील प्रत्येक गोष्ट शरीअतच्या कसोटीवर पारखून घ्यावी. पण भुकेल्याला अन्न, गावाला पाणी आणि जमिनीवरील झाडोरा टिकवणे यांत पारखायला वेळ लागावा असे काय आहे?

आता मूळ पाठाकडे येऊ. इस्लामी फिक्हमध्ये रान राखण्याचा एक स्वतंत्र कायदा आहे. त्याला 'हिमा' म्हणतात. अज्ञानकाळात अरबस्तानातील टोळीप्रमुख चांगला चारा असलेली जमीन हेरून ती स्वतःच्या जनावरांसाठी राखून ठेवीत आणि इतरांना तिथे पाय ठेवू देत नसत. प्रेषितांनी (सल्ल.) ही प्रथा मोडली. हिमा केवळ अल्लाह व त्याच्या प्रेषितासाठीच असू शकतो, या आशयाची हदीस सहीह बुखारीत हजरत सअब बिन जस्सामा (रजि.) यांच्याकडून आली आहे. फुकहांनी त्यातून असा नियम काढला की राखीव रान फक्त सार्वजनिक हितासाठी, शासनकर्त्याच्या निर्णयाने आणि लोकांच्या गरजेला मुरड न पडेल इतकेच असावे. कोणा एकाच्या नफ्यासाठी रान राखता येत नाही. मदीनेजवळील नकीअचे कुरण प्रेषितांनी (सल्ल.) घोड्यांसाठी राखले, खुद्द मदीनेचा परिसर त्यांनी हरम ठरवला, तिथली झाडे तोडू नयेत, शिकार करू नये असे ठरवले. पुढे हजरत उमर (रजि.) यांनी सरफ आणि रबजा ही राने राखली.

या राखीव रानावर त्यांनी हुनय नावाचा आपला मुक्त केलेला सेवक रखवालदार नेमला. त्याला दिलेल्या सूचना बुखारीत नोंदल्या आहेत, आणि माझ्या मते वनविभागाच्या प्रत्येक प्रशिक्षणात त्या वाचल्या जाव्यात. हजरत उमरनी त्याला सांगितले की, लोकांशी नरमाईने वाग आणि पीडिताच्या बददुआला भी, कारण ती स्वीकारली जाते. ज्याच्याजवळ चार उंट आणि थोड्या शेळ्या-मेंढ्या आहेत त्याला आत येऊ दे. इब्ने औफ आणि इब्ने अफ्फान यांची जनावरे मात्र आत येता कामा नयेत. हे दोघे म्हणजे हजरत अब्दुर्रहमान बिन औफ आणि हजरत उस्मान (रजि.), मदीनेतील सर्वांत धनवान सहाबांपैकी. कारणही खलीफांनी दिले : यांची जनावरे मेली तर यांच्याकडे शेती आणि खजुराच्या बागा आहेत, त्या गरिबाची जनावरे मेली तर तो लेकराबाळांना घेऊन माझ्या दारी येईल, आणि तेव्हा सोन्या-चांदीपेक्षा गवत आणि पाणी देणेच मला सोपे जाईल. त्यानंतरचा भाग थरकाप उडवणारा आहे. हे लोक मला जुलमी समजत असतील, असे सांगून खलीफांनी कबूल केले की ही भूमी त्यांचीच आहे. अज्ञानकाळात ते हिच्यासाठी लढले आणि हिच्यावरच त्यांनी इस्लाम स्वीकारला. अल्लाहच्या मार्गात लढणाऱ्यांना वाहनासाठी लागणारी जनावरे नसती, तर त्यांच्या भूमीची एक वीतही मी राखली नसती.

खलीफांनी रान राखले, कुंपणाचे कारणही सांगितले, आणि तरीही त्या भूमीवरील मूळ लोकांचा हक्क नाकारला नाही. गरिबाला आधी आत घेतले. श्रीमंत सहाबी होते, जन्नतची शुभवार्ता लाभलेले होते, तरी त्यांना दाराशी थांबवले. हे सारे लक्षात ठेवून आता आपण आपल्या रानाकडे पाहू.

धारणीत राहणाऱ्याला मेळघाट म्हणजे काय हे सांगायला नको, पण हे मासिक सोलापूर-कोल्हापूरकडेही जाते. सातपुड्याच्या या रांगांतून खंडू, खापरा, सिपना, गडगा आणि डोलार या नद्या तापीला मिळतात. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. १९७४ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून घोषित झाले. याच डोंगरांत उगम पावलेले पाणी दक्षिणेकडे वाण आणि शहानूर या धरणांत साठते. खाली पूर्णा खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरीचे पाणी तोंडात धरवत नाही. अंजनगाव-दर्यापूरकडील गावांची तहान शहानूरचे पाणी भागवते, आणि अकोट-तेल्हाऱ्याकडील गावांची तहान वाणचे. तिथले आपले बांधव रमजानमध्ये ज्या पाण्याने इफ्तार करतात, ते सागाच्या आणि बांबूच्या मुळांतून झिरपून आलेले असते. वाघ राखला म्हणजे रान राहते, आणि रान राहिले म्हणजे दर्यापूरच्या नळाला गोड पाणी राहते, हा हिशेब कोणीही समजू शकतो. तेव्हा हे रान राखणे म्हणजे शासनाने केलेला सार्वजनिक हिताचा हिमा आहे, असे म्हणण्यास फिक्हच्या दृष्टीने मला अडचण दिसत नाही.

अडचण हुनयला दिलेल्या सूचनांपाशी येते. या रानात कोरकू पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गोंड, निहाल, गवळीही राहतात. प्रकल्पाच्या गाभ्यातील बोरी, कोहा, कुंड अशी गावे प्रथम हलवली गेली आणि त्यांच्यामागून आणखी गावे सपाटीवर आली. काहींना रस्ता, शाळा, दवाखाना जवळ आला आणि ते समाधानी आहेत, हे नाकारू नये. काहींचे मात्र तसे झाले नाही. जानेवारी २०१९ मध्ये अकोटकडे पुनर्वसित झालेली कुटुंबे आश्वासने पुरी झाली नाहीत म्हणून जंगलातील आपल्या जुन्या गावठाणावर परतली, आणि तिथे वनकर्मचारी व पोलिसांशी त्यांचा संघर्ष झाला. दोन्ही बाजूंची माणसे जखमी झाली. मेळघाटचे नाव वर्तमानपत्रांत वाघाइतकेच बालमृत्यू आणि कुपोषणासाठी येते, आणि हे १९९० च्या दशकापासून चालू आहे. ज्या डोंगराचे पाणी शेजारच्या तालुक्यांना जगवते, त्याच डोंगरातील लेकरू भुकेने खंगत असेल, तर पंधरावे ध्येय गाठताना दुसरे हातून निसटले असे म्हणावे लागेल. कोणी म्हणेल, हजरत उमरचे बोल मुसलमानांविषयी होते. मुसनद अहमदमध्ये हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेल्या हदीसचा आशय त्याला ऐकवावा : पीडिताच्या बददुआपासून स्वतःला वाचवा, मग तो श्रद्धाहीन का असेना, कारण तिच्या आड कोणताही पडदा नाही.

रान राखणारे आणि रानात राहणारे हे एकमेकांचे वैरीच असले पाहिजेत, असे मुळीच नाही. मेळघाटच्या पायथ्याशी, परतवाड्याच्या बाजूला, पायविहीर नावाचे कोरकूंचे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २०१२ मध्ये सुमारे १९२ हेक्टर वनजमिनीवर सामूहिक वनहक्क मिळाला. ही जमीन तेव्हा जवळजवळ उजाड होती. ग्रामसभेने वृक्षतोडीवर आणि चराईवर स्वतःच निर्बंध घातले, रोजगार हमीतून मृद्‌-जलसंधारणाची कामे केली, झाडे लावली आणि जगवली. रानातली सीताफळे दलालाला न देता ग्रामसभेने थेट मुंबईच्या बाजारात पाठवली. २०१४ मध्ये या गावाला संयुक्त राष्ट्रसंघाच्या विकास कार्यक्रमाचा भारतीय जैवविविधता पुरस्कार मिळाला. ज्यांनी १७ ध्येयांची नावेही ऐकली नव्हती, त्यांनी त्यातली दोन-तीन आपल्या शिवारात उतरवली होती, आणि तीही ती ध्येये जाहीर होण्याच्या आधी.

पायविहीरचे काम वाचताना मला 'इह्या-उल-मवात' हे प्रकरण आठवते. मृत जमीन जो जिवंत करील, ती त्याची, असा हदीसचा आशय अबू दाऊद आणि तिर्मिजीत आहे. इमाम अबू हनीफा (रह.) यासाठी शासनकर्त्याची परवानगी आवश्यक मानतात, त्यांचे शिष्य इमाम अबू यूसुफ आणि इमाम मुहम्मद (रह.) मानत नाहीत. मदरशात आम्ही हा मतभेद वादविवादासाठी पाठ केला होता. वनहक्क कायद्याने दोन्ही मतांचे समाधान होते, कारण तिथे परवानगी आहे आणि घामही आहे. जमीन मात्र कोणा एकाच्या मालकीची होत नाही, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. पाणी, चारा आणि अग्नी या तिहींत सर्व भागीदार आहेत, या हदीसच्या ते अधिक जवळ जाते.

इथवर आपण दुसऱ्यांविषयी बोललो. दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे असते. आता आपल्याविषयी.

धारणी, परतवाडा, अकोट या पट्ट्यातील आपल्यापैकी पुष्कळजण व्यापारी आहेत. किराणा, कापड, वाहतूक, लाकूडकाम, आणि वनोपजाची खरेदी-विक्री यांवर आपली घरे चालतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले येतात. पहाटे कोरकू आया-बहिणी झाडाखाली बसून एकेक फूल वेचतात, वाळवतात, आणि टोपली घेऊन बाजाराची वाट धरतात. बाजारच्या अलीकडेच, रस्त्याच्या वळणावर, कोणीतरी काटा घेऊन उभा असतो. बाजारात आज काय भाव निघाला हे तिला ठाऊक नसते. त्याला ठाऊक असते. हा प्रकार प्रेषितांच्या (सल्ल.) काळातही होता आणि त्याला नाव आहे : 'तलक्की'. बाहेरून माल घेऊन येणाऱ्यांना बाजारात पोचण्याआधीच गाठून सौदा करण्यास बुखारी व मुस्लिम या दोन्ही ग्रंथांतील हदीसने मनाई केली आहे. मुस्लिममधील कथनानुसार विक्रेता बाजारात पोचल्यावर त्याला तो सौदा मोडण्याचा अधिकार राहतो. हनफी फुकहा म्हणतात की भाव लपवून फसवणूक झाली किंवा लोकांचे नुकसान झाले, तर असा सौदा मकरूह आहे. मीठ देऊन चारोळी घेण्याची जुनी रीत मध्य भारताच्या आदिवासी पट्ट्यात सर्वांना ठाऊक आहे. ती आता उरली नाही असे म्हणताना आपला काटा एकदा प्रमाणित वजनांशी ताडून पाहावा. सूरह अल-मुतफ्फिफीनची पहिली तीन आयती यासाठीच उतरली आहेत : घेताना पुरेपूर माप घेणारे आणि देताना घट करणारे यांचा त्यात धिक्कार आहे. (मोहफुले दारूसाठी जातात हे माहीत असताना त्यांचा व्यापार करावा का, हा वेगळा आणि अवघड मसला आहे, इमाम अबू हनीफा आणि त्यांचे दोन्ही शिष्य यांची मते त्यात भिन्न आहेत. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.)

फुले वेचायला सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची सवय काही ठिकाणी आहे. एप्रिलमधील अनेक वणवे असेच लागतात. आपण खरेदीदार आहोत. ज्या गावाने आग न लावता, जाळी अंथरून किंवा झाडून फुले गोळा केली, त्यांच्या मालाला चार पैसे जास्त देणे आपल्या हाती आहे. जळक्या काड्या नसलेला माल स्वच्छही असतो.

आता सागवान. लेकीच्या लग्नात पलंग, कपाट, दिवाण सागाचे असावे ही हौस आपल्यात फार. माझ्याकडे मसला विचारायला येणाऱ्यांतले काही असे म्हणतात : जंगल अल्लाहचे आहे, लाकूड-चारा मुबाह आहे, दोर घेऊन लाकडे तोडून विकणे हे मागून खाण्यापेक्षा उत्तम असे खुद्द हदीसमध्ये आहे, मग रात्री आलेल्या दोन फळ्या घेतल्या तर काय बिघडले? हदीस सहीह आहे, वापर चुकीचा आहे. ती पाठीवर मोळी घेऊन फिरणाऱ्या गरजवंताविषयी आहे. हे रान शासनाने सार्वजनिक हितासाठी राखले आहे, आणि राखलेल्या रानातून विक्रीसाठी लाकूड काढणे म्हणजे सर्वांच्या हिश्शातून चोरी करणे. परवान्याशिवाय आलेली फळी चोरीची आहे हे ठाऊक असताना ती विकत घेणे जायज नाही. सुताराने तिचा पलंग केला, त्यावर पॉलिश चढले, तरी तिचा हुकूम बदलत नाही. लाकूड हवे असेल तर वनविभागाच्या लिलावातून घेतलेले, हातोड्याची निशाणी असलेले आणि ज्याला आपण सारे टीपी म्हणतो तो वाहतूक परवाना सोबत असलेले घ्यावे. ते महाग पडते. महाग पडत असेल तर लोखंडी पलंग द्यावा; निकाहच्या कोणत्याही अटीत साग लिहिलेला नाही. आणि पकडला जातो तो बहुधा फळ्या वाहून आणणारा गरीब पोरगा. ज्याच्या दिवाणखान्यासाठी तो गेला होता, त्याचे नाव पंचनाम्यात येत नाही. हुनयला दिलेल्या सूचनेच्या हे अगदी उलटे आहे.

मशिदीतील पाण्याविषयी थोडक्यात सांगतो. प्रेषित (सल्ल.) एका मुद्द पाण्यात वजू करीत आणि एक साअ ते पाच मुद्द पाण्यात गुस्ल करीत, हे बुखारी व मुस्लिममध्ये आहे. हनफी मापाने मुद्द साधारण एक लिटरच्या आसपासच भरतो. एकदा नळाखाली बादली ठेवून आपल्या नेहमीच्या पद्धतीने वजू करून पाहा आणि बादलीत किती साचले ते मोजा. वाहत्या नदीकाठीही पाण्याची उधळपट्टी करू नये, ही इब्ने माजाची रिवायत सनदीने दुबळी आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण तिचा आशय सूरह अल-आराफच्या ३१ व्या आयतीने, खा-प्या पण उधळू नका या आदेशाने, भक्कम होतो. वजूचे पाणी गटारात सोडण्याऐवजी शोषखड्ड्यात किंवा अंगणातल्या झाडांना द्यावे. त्यात साबण नसतो, झाडाला ते चालते. ईद-उल-अजहाला आतडी व इतर टाकाऊ भाग नाल्यात टाकण्याची सवय सोडून, घरामागे खोल खड्डा करून पुरावेत. आपले नाले शेवटी तापीला जातात, आणि पाण्याच्या जागी, वाटेत व सावलीत घाण करणे ही शाप ओढवून घेणारी कृत्ये आहेत, असे अबू दाऊदमधील हदीस सांगते.

वलीम्याच्या जेवणावळीत थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी ती कुठून ना कुठून येतातच. पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण आपल्या भोवतालच्या गावांतील बायका उत्तम लावतात. गरम बिर्याणी आणि रस्सा दोन्ही त्यात राहतात, आणि पैसे ज्या रानाने पाने दिली त्या रानातल्या घरात जातात. पाचशे माणसांचे जेवण असेल तर सात-आठशे पत्रावळींची मागणी किमान पंधरा दिवस आधी नोंदवावी, निम्मी रक्कम तेव्हाच द्यावी, आणि उरलेली माल उचलताना. सौदा लिहून ठेवावा, जसे सूरह अल-बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीच्या व्यवहारासाठी सांगितले आहे. पावसाळ्यात पाने ओली राहून बुरशी धरते, म्हणून त्या महिन्यांतील लग्नांसाठी उन्हाळ्यातच लावून वाळवलेल्या पत्रावळी घेऊन कोरड्या जागी ठेवाव्या लागतात.